घरगुती खटाटोप : फुंकर आणि फर्नेस

मंडळी, गेल्या अंकात आम्ही आमच्या बेसमेंटमध्ये शिरलेल्या पाण्याची कहाणी सांगितली होती. तिच्यावर पत्र एकही आलं नाही, फोन मात्र तीन आले. त्यातल्या एका फोनवर पाण्याची चौकशी आटोपल्यावर पलीकडच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "तुमचे नाना आले होते तेव्हा त्यांच्या बासरीचं घरीच रेकॉर्डिंग केलंत म्हणे. आमचा धाकटा शाळेच्या बॅन्डात सॅक्सोफोन वाजवतो. ह्यांनी पाचशे डॉलरचा माईक बघून ठेवलाय. घेऊ ना?" आम्ही दोघंही दोन फोनवरून एकदमच ओरडलो, "थांबा!"

(नव्या वाचकांसाठी खुलासा : हे सदर आम्ही दोघं मिळून लिहितो. म्हणजे एकजण लिहितो आणि दुसरी खोडते. तेव्हा 'आम्ही' हा शब्द इथे मोठेपणासाठी नाही, खराच अनेकवचनी आहे.)

वहिनींना थांबायला सांगण्याचा अधिकार आम्हाला कसा मिळाला, तर आम्ही स्वतः न थांबल्यामुळे. आमची कन्या पाचवीपासून क्लॅरिनेट वाजवते. दोन वर्षांपूर्वी तिला एका ऑडिशनसाठी रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. आम्ही दुकानातून सव्वाशे डॉलरचा एक यूएसबी माईक आणला. खोक्यावर 'स्टुडिओ' हा शब्द चार ठिकाणी छापलेला होता. क्लॅरिनेटला पुढे सनईसारखा पसरट तोंडाचा कर्णा असतो, तेव्हा आवाज तिथूनच येणार अशी आमची भाबडी समजूत. माईक टेबलावर ठेवला, कन्येला खुर्चीवर बसवलं आणि कर्ण्यापासून वीतभर अंतरावर माईकचं नाक आणलं. रात्री बाराच्या आत फाईल पाठवायची होती. साडेअकराला ऐकून बघितलं, तर खालचे एकदोन सूर ढोलासारखे घुमत होते, मधले सूर शेजारच्या घरातून आल्यासारखे, आणि वरचे सूर फाटलेले. शिवाय कन्या पायानं ताल धरत होती तो ताल टेबलातून माईकमध्ये गेला होता, तो मात्र अत्यंत स्पष्ट. तीच फाईल पाठवली. त्या वर्षी तिला तिसऱ्या क्लॅरिनेटच्या रांगेत जागा मिळाली. दोष रेकॉर्डिंगचा की रियाजाचा यावर घरात अजून एकमत नाही.

त्यानंतर जरा वाचन केलं, जाणत्यांना विचारलं, आणि एक साधी गोष्ट कळली. ती आधी कळती तर सव्वाशे डॉलर वाचले असते. तोंडानं फुंकायच्या लाकडी जातीच्या वाद्यांत (सॅक्सोफोन पितळेचा असला तरी घराणं हेच, पाश्चात्त्य फ्लूट चांदीची झाली तरी तेच) आवाज बऱ्याच अंशी उघड्या भोकांमधून बाहेर पडतो. बोटं उचलली की हवेची कंप पावणारी कांडी तिथेच तोकडी होते आणि सूर तिथूनच सुटतो. सगळी भोकं बंद करून वाजवला जाणारा अगदी खालचा सूर तेवढा पूर्णपणे पुढच्या तोंडातून येतो. म्हणून कर्ण्याला माईक चिकटवला की तो एक सूर छाताडावर बसतो आणि बाकीचे लांबून हाका मारत राहतात. बासरीचं आणखी वेगळं. ती दोन्हीकडून उघडी, त्यामुळे तिचा आवाज फुंकेच्या भोकातूनही येतो आणि उघड्या बोटांच्या भोकांतूनही. अशा वाद्याचा आवाज एका ठिकाणी पकडताच येत नाही. दोन पावलं मागे सरून सगळ्या नळीचा मिळून झालेला आवाज घ्यावा लागतो.

म्हणजे माईक किती भारी यापेक्षा तो कुठे ठेवला याला महत्त्व जास्त. तोच सव्वाशेचा माईक आम्ही नंतर टेबलावरून उचलून स्टँडवर लावला, कन्येच्या डोक्याच्या किंचित वर, दोनेक फुटांवर, आणि तोंड खाली तिच्या डाव्या हाताच्या बोटांकडे केलं. तेच वाद्य, तीच मुलगी, पण आता क्लॅरिनेट ऐकू येऊ लागलं. स्टँडचे पैसे पडले तीस डॉलर. सव्वाशेपेक्षा ते तीस जास्त कामाला आले असं आमच्यातल्या एकाचं मत आहे, आणि दुसरीनं ते खोडलेलं नाही.

आता नानांकडे येतो.

नाना म्हणजे आमचे सासरे, किंवा वडील, आमच्यातलं कोण बोलतंय त्यावर अवलंबून. वय ८१. सगळी नोकरी रेल्वेत, बरीचशी मिरजेला. मिरज तंबोऱ्यांचं गाव, तिथे तारा छेडणारे पुष्कळ, पण नानांनी धरली बासरी, तीही मोठी, पांढरी तीनची. पन्नालाल घोषांनी ती लांब बासरी मैफलीत आणली आणि १९६० साली ते गेले, तेव्हा नाना शाळकरी पोर होते. रेडिओवर ऐकलेलं तेवढ्यावर वेड लागलं. कधी मैफल केली नाही, कुणी रेकॉर्ड केलं नाही. १९९४ साली आम्ही इकडे आलो तेव्हा त्यांनी एक कॅसेट भरून दिली होती, एका बाजूला यमन, दुसऱ्या बाजूला आमच्या आईच्या सूचना. ती कॅसेट आमच्या ॲटिकच्या उन्हाळ्यात अशी काही भाजून निघाली की आता सूचनाही ऐकू येत नाहीत.

२०२४ च्या सप्टेंबरात नाना सहा महिन्यांसाठी आले. बासरी सोबत होती, पण एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात ध्यानात आली. पूर्वी एका दमात जो आलाप जायचा, त्याला आता मध्ये दोनदा थांबावं लागत होतं. डॉक्टरांनी इन्हेलर दिलेला होता. नाना स्वतः काही बोलले नाहीत, एकदा फक्त म्हणाले, "फुंक पुरत नाही आता पूर्वीसारखी." परतीचं तिकीट मार्चचं होतं. पुढल्या वर्षी फुंक किती राहील, आणि व्हिसाचे सोपस्कार करून ते पुन्हा येतील का, हे कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं. रेकॉर्डिंग करायचं ते मार्चच्या आत, एवढं आम्ही ठरवून टाकलं.

पहिला प्रयत्न अर्थातच फोनवर. फोन बिचारा माणसांच्या बोलण्यासाठी घडवलेला. आवाज बारीक झाला की तो आपणहून वाढवतो, मोठा झाला की दाबतो. बोलताना ही सोय. पण नानांनी एक लांब सूर हळूहळू विझवत नेला, की फोन तो वर ओढून काढायचा, आणि सुराबरोबर फर्नेसची घरघरही वर यायची. विझलेला सूर फोननं पुन्हा पेटवलेला ऐकून नानांनी आमच्याकडे असं बघितलं की आम्ही फोन खिशात घातला. ज्यांची मुलं इंटरनेटवरून बासरी किंवा क्लॅरिनेट शिकतात त्यांनाही हा अनुभव असेल. ते मीटिंगचं सॉफ्टवेअर लांब सुराला पंख्याचा आवाज समजून पुसून टाकतं आणि पलीकडे गुरुजी विचारतात, "थांबलास का रे?" त्यावर उपाय आहे. 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' अशी एक सोय झूमच्या सेटिंगमध्ये असते, ती चालू करावी.

मग खरेदी. या विषयात दुकानदाराच्या आधी स्वतःला विचारायचा प्रश्न हा, की तुम्हाला कॉम्प्युटरला जोडलेलं काम हवंय की उचलून कुठेही नेता येईल असं? कॉम्प्युटरच्या वाटेनं गेलात तर तीन वस्तू लागतात. माईक, त्याचा आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करून देणारी डबी, जिला इंटरफेस म्हणतात, आणि स्टँड. शिवाय केबल, जी खोक्यात कधीच नसते. फोकसराईटची स्कारलेट सोलो म्हणा, बेहरिंगरची त्याहून स्वस्त डबी म्हणा, एका वाद्यासाठी ती पुरते. दोन माईक लावायचे असतील, म्हणजे बासरीबरोबर तबला, तर दोन तोंडांची डबी घ्यावी. आणि जमल्यास आधीच घ्यावी, कारण घरात एक वाद्य आलं की दुसरं येतंच.

माईकच्या दोन जाती घरगुती गिऱ्हाइकाला पुरतात, डायनॅमिक आणि कंडेन्सर. डायनॅमिक रांगडा. शुअर कंपनीचा एसएम ५७ हा १९६५ पासून बाजारात आहे, शंभर डॉलरच्या आसपास मिळतो, पडला तरी बहुधा चालतो. त्याला लांबचं फारसं ऐकू येत नाही, आणि घरात भांडी, टीव्ही आणि धाकटं भावंड असेल तर ते वरदानच. वहिनींच्या सॅक्सोफोनसाठी आम्ही हाच सांगितला. सॅक्सोफोनचा आवाज मोठा आणि जाड, त्याला जास्त कान असलेला माईक लागत नाही. फूट-दीड फुटावर, कर्णा आणि डाव्या हाताच्या कळा यांच्या मधोमध रोख धरून ठेवावा. जुना मिळाला तर स्वस्तात पडतो, पण या माईकच्या नकला बाजारात फार, तेव्हा अनोळखी माणसाकडून तीस डॉलरला नवाकोरा मिळत असेल तर तो घेऊ नये.

कंडेन्सरचे कान तिखट. त्याला डबीमधून ४८ व्होल्ट पुरवावे लागतात, डबीवर तसं बटण असतं. ते दाबायला विसरून माईक मेला म्हणून दुकानात परत नेणारे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. ते हा अंक वाचतात, म्हणून अधिक लिहीत नाही. बासरी, पाश्चात्त्य फ्लूट, क्लॅरिनेट यांच्या आवाजात फुंकेची जी बारीक सळसळ असते ती कंडेन्सर टिपतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२० हा शंभरेक डॉलरचा, बऱ्याच घरांतून दिसतो आणि वाईट नाही. पण एक आकडा बघावा, माईकची स्वतःची खरखर. या एटी २०२० ची २० डेसिबल आहे, आणि रोडच्या एनटी १ या महाग माईकची ४ च्या आसपास. क्लॅरिनेट दोन फुटांवर वाजत असेल तर वीसनं काही बिघडत नाही. मंद्र सप्तकातली बासरी हळू वाजत असेल तर मागे पावसासारखी सुरसुर ऐकू येते. महागाचे पैसे मुख्यतः या शांततेचे असतात. पण तुमच्या खोलीतच तीस-पस्तीस डेसिबलची घरघर असेल तर माईकची शांतता विकत घेऊन तिचं करायचं काय?

रिबन नावाची तिसरी जात आहे. ती क्लॅरिनेटचे वरचे सूर फार मऊ करते म्हणतात आणि खरंही आहे, पण ती नाजूक, फुंकर सरळ बसली तर आतली पातळ पट्टी दुखावते. पहिल्या खरेदीसाठी नको.

आम्ही शेवटी यातलं काहीच घेतलं नाही. नानांना वायर, डबी, पडदा यांच्यासमोर बसवलं असतं तर ते परीक्षेला बसल्यासारखे वाजवते. आम्ही हातात मावणारा रेकॉर्डर घेतला. झूम कंपनीचा एच वन इसेन्शियल, २०२४ मध्ये आलेला, किंमत शंभर डॉलर. (ही झूम जपानी, टोकियोची, १९८३ सालची. मीटिंगवाल्या झूमशी तिचा काही संबंध नाही. नाना शेवटपर्यंत "मीटिंगचं यंत्र" म्हणत राहिले.) टास्कॅमचेही असे रेकॉर्डर चांगले आहेत. दोन छोटे माईक वरच बसवलेले, खाली कॅमेऱ्याच्या स्टँडचे आटे, आणि घरात जुना ट्रायपॉड होताच. या नव्या यंत्रात एक सोय आहे, ३२ बिट फ्लोट नावाची. आवाजाची पातळी आधी लावून ठेवावी लागत नाही, बारीकही नीट येतं, मोठंही फाटत नाही. जुन्या किंवा साध्या यंत्रात मात्र पातळी लावावीच लागते, आणि तिथे नवखे फसतात. हळू वाजवून पातळी लावतात, मग तारसप्तकात गेलं की फाटतं. बासरी, फ्लूट, क्लॅरिनेट वर जाताना अंगानंच मोठी होतात. म्हणून आधी सगळ्यात वरचा, सगळ्यात जोराचा सूर वाजवायला सांगावा आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावा. शून्य ही भिंत आहे, तिला आपटलेला सूर नंतर कशानंही दुरुस्त होत नाही.

चौथीतल्या मुलांना शाळेत प्लॅस्टिकची एक बासरी देतात, तिलाही रेकॉर्डरच म्हणतात. तिचं रेकॉर्डिंग आमच्या एका मित्रानं केलं. कशावर केलं तरी चालतं, ऐकणारं कुणी नसतं.

यंत्र आलं, आता खोली. बेसमेंट आमच्या डोक्यात आधीपासून होतं, एकांत म्हणून. पण फर्नेस तिथेच राहते हे विसरलो होतो. शिवाय बेसमेंटचं छत बुटकं, वर लावलेला माईक छताच्या जवळ जातो, आणि छतावरून परतलेला आवाज सरळ आलेल्या आवाजात मिसळून सूर पोकळ करतो. मग कपड्यांचं क्लोजेट. बोलण्यासाठी क्लोजेट उत्तम, पण नाना आत बसून दोन सूर वाजवून बाहेर आले. म्हणाले, "यात बासरी गुदमरते." त्यांचं बरोबर होतं. या वाद्यांना थोडी हवा, थोडी खोली लागते. बाथरूममध्ये सगळेच तानसेन होतात, पण ती गुंज रेकॉर्डिंगमध्ये शिरली की बाहेर काढता येत नाही.

शेवटी पाहुण्यांची बेडरूम ठरली. खाली कार्पेट, मध्ये गादी, क्लोजेटची दारं उघडी म्हणजे कपडे आवाज पितात, आणि समोरच्या उघड्या भिंतीवर आईनं शिवलेली गोधडी टांगली. बाजारात फोमचे काळे चौकोन मिळतात, ते आम्ही आणले नाहीत. गोधडीचं वजन जास्त आणि रंग बरे.

फ्रीज बंद करायचा, आणि बंद करताना गाडीच्या किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या. ही युक्ती रेकॉर्डिंगवाल्यांची जुनी आहे. रेकॉर्डिंग संपून बाहेर जायला निघालात की किल्ल्या शोधत फ्रीजपाशी याल आणि तो चालू करायची आठवण होईल. आमचं एकदा आमरसाचं पातेलं वाचलं ते यामुळेच. गावी नसतं असं एक दुखणं इथे आहे, ते म्हणजे घरभर फिरणारे गरम हवेचे डक्ट. फर्नेस बेसमेंटमध्ये असली तरी तिचा श्वास प्रत्येक खोलीत येतो. ती बंद करण्यावाचून इलाज नाही. आणि इथे आम्हाला एक अडचण आली, जी कुठल्याही खोक्यावर छापलेली नव्हती.

जानेवारी महिना, बाहेर उणे पंधरा सेल्सिअस. थर्मोस्टॅट बंद केला, तंबोऱ्याचं ॲप लावलं, नानांनी सूर जुळवला आणि सुरुवात केली. पंचवीस मिनिटांत खोली गार झाली आणि बासरी तंबोऱ्यापासून उतरायला लागली. आधी आम्हाला वाटलं, वय. नानांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी बासरी खाली ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. ते बघवत नव्हतं. मग कन्येनं सांगितलं, तिला बॅन्डात शिकवलेलं होतं, की गार हवेत आवाजाचा वेग कमी होतो आणि फुंकवाद्यं उतरतात. गणितानं बघितलं तर एका सेल्सिअस अंशाला साधारण ३ सेंट, आणि एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट. पाच-सहा अंशांनी खोली उतरली तर पंधरा-अठरा सेंट, कुणाच्याही कानाला बोचेल इतकं. वाजवणाऱ्याचा ऊबदार श्वास आतून थोडं सावरतो, पण लांब बासरीत तो पुरत नाही. ॲपमधला तंबोरा मात्र थंडीवाऱ्याच्या पलीकडचा, ढिम्म हलत नाही.

"म्हणजे माझं चुकत नव्हतं," नाना म्हणाले.

"नाही आजोबा, तुमचं नाही, फर्नेसचं," कन्या म्हणाली.

त्या दिवसापासून क्रम असा बसवला. आधी तासभर खोली नेहमीपेक्षा जास्त तापवायची. नानांनी कानटोपी घालून, भोकं झाकून बासरीत नुसताच श्वास सोडत ती आतून गरम करायची. मग फर्नेस बंद, आणि तंबोरा बासरीला जुळवायचा, बासरी तंबोऱ्याला नाही. ॲपमध्ये सूर बारीक बारीक सरकवता येतो. वीस मिनिटं वाजवायचं, की पुन्हा फर्नेस चालू आणि चहा. क्लॅरिनेटवाल्या मुलांच्या पालकांनीही हे ध्यानात ठेवावं. ऑडिशनच्या रेकॉर्डिंगसाठी एसी किंवा हीट बंद केलीत तर मधूनमधून ट्यूनर बघा.

माईकची जागा नानांच्या बाबतीत आम्ही चार दिवस बदलत होतो. समोर तोंडाच्या पातळीला धरला तर फुंकेचा वारा माईकवर आदळून भस् भस् व्हायचं, कारण आडव्या बासरीत फुंकलेल्या हवेतली बरीच भोकावरून निसटून पुढे येते. शेवटी ट्रायपॉड गादीवर उभा केला, रेकॉर्डर कपाळाच्या थोडा वर, अडीच फुटांवर, तोंड खाली फुंकेचं भोक आणि पहिलं बोट यांच्या मध्ये. वर फोमची टोपी. जवळ आणला तर बोटांची टपटप आणि श्वासच जास्त यायचा, लांब नेला तर खोली. अडीच फूट हा आमच्या त्या खोलीचा आकडा आहे, तुमच्या खोलीत दोन असेल किंवा साडेतीन. पाच ठिकाणी एक-एक मिनिट वाजवून ऐकणं यापलीकडे शास्त्र नाही. ऐकायचं मात्र हेडफोनवर, लॅपटॉपच्या भोकातून नाही. पन्नास डॉलरपर्यंतचा कान झाकणारा हेडफोन पुरतो.

वेळ कुठली, हा प्रश्न वेगळाच निघाला. शांत वेळ म्हणजे पहाट. पण नानांना द्यायचा होता यमन, आणि यमन पहाटे वाजवायला ते तयार होईनात. "तुमच्या फ्रीजच्या सोयीनं राग वाजवायचे का?" संध्याकाळी आमच्यावरून ओहेअरला उतरणारी विमानं, समोरच्या रस्त्यावर गाड्या, शेजाऱ्यांचा कुत्रा. पंधरा दिवस असेच गेले. मग आमच्यातल्या एकीला सुचलं. ९ फेब्रुवारी २०२५, सुपर बोल. शिकागोच्या घड्याळात खेळ साडेपाचला सुरू होतो. त्या वेळी आमच्या गल्लीत मांजरही हिंडत नाही. सहाला फर्नेस बंद केली, किल्ल्या फ्रीजमध्ये गेल्या, नानांनी कानटोपी काढली.

२२ मिनिटं यमन वाजला. मध्ये एकदा लांबून शेजाऱ्यांची आरोळी आली आहे, कुणीतरी टचडाऊन केला असणार. विमानं तेवढी आली, दोन.

नंतरचं काम कॉम्प्युटरवर, ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये. ते फुकट आहे आणि घरगुती कामाला भरपूर आहे. ॲपलवाल्यांना गराजबँड आयतंच मिळतं. मूळ फाईल वेव्ह स्वरूपात ठेवावी, एमपी थ्री फक्त नातेवाइकांना पाठवण्यापुरती. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला मिनिटाला साधारण १७ मेगाबाईट जागा लागते, म्हणजे तासाला एक गिगाबाईट. आजच्या काळात ती कंजुषी करू नये. कॅसेटचा अनुभव असल्यामुळे आम्ही तीन ठिकाणी प्रती ठेवल्या आहेत, त्यातली एक मिरजेला. ॲटिकमध्ये एकही नाही.

इथे एक चूक कबूल करतो. नानांनी कानात हेडफोन घालायला नकार दिला ("कानात बोळे घालून सूर लागत नाही"), म्हणून तंबोरा छोट्या स्पीकरवर, खोलीतच हळू चालू होता. तो बासरीबरोबरच रेकॉर्ड झाला. आता मध्ये खोकला कापायला गेलं की तंबोऱ्याची तारही तिथेच तुटते आणि सांधा ऐकू येतो. पुढे कापाकापी करायची असेल तर तंबोरा हेडफोनमध्ये द्यावा आणि नंतर वेगळा जोडावा. कन्येच्या क्लॅरिनेटला आम्ही पियानोची साथ तशीच देतो.

श्वासांवरून घरात वाद झाला. बावीस मिनिटांत पुष्कळ श्वास आहेत, काही मोठे, काही सुराच्या मधेच घेतलेले. कन्येचं म्हणणं, ते सगळे बारीक करता येतात, तासाभराचं काम. आमच्यातल्या एकालाही तसंच वाटत होतं. नानांना ऐकवलं. डोळे मिटून पूर्ण ऐकलं, आणि म्हणाले, "विमानं काढता आली तर काढा. श्वास माझे आहेत, असू देत." विमानं काढता आली नाहीत.

मार्चमध्ये नाना परत गेले. मे महिन्यात फोनवर सांगत होते की मोठी बासरी आता हाताला पेलत नाही, लहान घेतली आहे. तिला फुंक कमी लागते आणि बोटांचा ताणही कमी. सकाळी अर्धा तास वाजवतात. कन्येनं यंदाचं ऑडिशनचं रेकॉर्डिंग त्याच खोलीत, गोधडीसमोर केलं. निकाल अजून यायचाय.

वहिनींनी एसएम ५७ आणि साधी डबी मिळून पाचशेच्या निम्म्यात काम भागवलं, असं कळलं. आमचा रेकॉर्डर सध्या हॉलमधल्या कपाटात आहे. मंडळाच्या कुणाला आठवडाभर हवा असल्यास न्यावा, ट्रायपॉडसकट. परत आणताना कार्ड आतच असू द्यावं, आणि फोमची टोपी कुत्र्यापासून सांभाळावी, एक गेली आहे.